नमुना-स्थान क्रमांक तीन

करंजाडे,
४ फेब्रुवारी २०२५

ती. रामचंद्रकाका आणि ती. काकी यांस,
अर्पिताचा सा. नमस्कार.

परवा फोन केला तर तुम्ही चार वेळा "कोण? कोण?" विचारून ठेवून दिलात. कान गेल्यापासून तुम्हाला पत्रच बरं. फक्त रिटायर पोस्टमनला लिहायचं म्हणजे अक्षर नीट काढावं लागतं, आणि पिनकोड चुकला तर बोलणी बसतात.

तर बातमी अशी की जाहिरात निघाली! विद्यापीठात पर्यावरणीय आरोग्य आणि रसायनशास्त्र या विषयाला सहाय्यक प्राध्यापक, पूर्णवेळ, कायम. जागा एकच. काका, अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवतेय. दर जुलैत नवी ऑर्डर, दर एप्रिलात घरी. मुलं मला मॅडम म्हणतात आणि ऑफिसमधला शिपाई "त्या तासवाल्या" म्हणतो. मी एक्केचाळीसची झाले. पुढची जाहिरात निघेपर्यंत माझ्याच विद्यार्थिनी मुलाखत घ्यायला बसलेल्या असतील.

रणजीतनंही अर्ज केलाय. माझ्याबरोबर लॅबमध्ये होता तो, एकदा आपल्याकडे येऊन काकीची कोळंबी तीनदा वाढून घेतली होती तो. त्याचे पेपर माझ्यापेक्षा जास्त आहेत. पण त्याच्याकडे आपलं नमुना-स्थान क्रमांक तीन नाही.

एक काम आहे. पीएचडीच्या वेळी तुम्ही दोन वर्षं दर महिन्याला कोळीवाड्यापाशी, नाल्याच्या तोंडाला होडी घालून माझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या भरायचात आणि मासे धरून द्यायचात. तेव्हा सगळं एका वहीत टिपून ठेवायचात, तिथीसकट. ती वही हवी आहे. समितीला मूळ नोंदी बघायच्या आहेत, थिसिसमधले तक्ते चालत नाहीत म्हणे.

काकीच्या हाताला मुंग्या येतात ते कमी झालं का? दिवाळीत तिच्या हातून कप पडला ते डोळ्यांसमोरून जात नाही.

तुमची,
अर्पिता


कोळीवाडा,
१२ फेब्रुवारी २०२५, माघी पौर्णिमा

चि. अर्पितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आठव्या दिवशी मिळाले. करंजाडे ते इथे आठ दिवस! आमच्या वेळी मी स्वतः दुसऱ्या दिवशी पोचवले असते, आणि तेही सायकलवर.

बातमी वाचून फार आनंद झाला. तुझ्या काकीला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "जागा एकच हाय तं आपले बायचीच हाय. त्या सायबांना जिताडा पाठवू का?" मी म्हटले, साहेबांना मासे पाठवले तर होणारी नोकरी जाईल. ती म्हणाली, "तुमाला काय कलतंय, पोस्टात चाळीस वर्ष चिकटून बसलात, परमोशन नाय घेतलात." आता बोल!

तिच्या हाताचे म्हणशील तर तसेच आहे. बोटांना मुंग्या येतात. मासे कापताना कोयता सुटतो म्हणून आता कापायचे काम सून नमिता करते, ही नुसती पाटीवर बसून गिऱ्हाइकांशी भांडते. डॉक्टर म्हणाले, वय झाले, मणक्याचे असेल. बामाने थोडा आराम पडतो.

वहीचे मात्र अवघड आहे. माळ्यावर होती ती वाळवीने खाल्ली. मला वाटते तू त्या जुन्या कामावर एवढी भिस्त ठेवू नयेस. त्याला दहा वर्षे झाली. खाडी तेव्हाची राहिली नाही. काही नवीन काम दाखव. साहेब लोकांना नवे आवडते.

आमचा केतन अजून कळंबोलीच्या यार्डातच नोकरीला आहे. बरा आहे.

तुझा,
रामचंद्रकाका


करंजाडे,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. काका,
सा. न.

नमिताला फोन केला. ती म्हणते, वही कपाटात, तुमच्या पोस्टाच्या खाकी पिशवीत अगदी ठणठणीत आहे. वाळवीला खाकी आवडत नाही वाटतं? काका, विसरलात असं सरळ लिहायचं ना. उगाच बिचाऱ्या वाळवीवर आळ.

आणि "नवीन काम दाखव" काय? नवीन काम करायला लॅब लागते. लॅब मिळायला नोकरी लागते. माझ्याकडे दाखवायला आहे ते एवढंच, आणि ते काही लहानसहान नाही. कारखान्यांचा नाला वर जिथे वाहतो त्या स्थान एक आणि दोनला चिखलात, माशांत पारा. आणि त्याच नाल्याच्या तोंडाशी, आपल्या कोळीवाड्याला, स्थान तीनला पाणी स्वच्छ, मासे स्वच्छ. मधे काय आहे? आपली तिवरं. पारा तिवरांनी अडवला, हे मी लिहिलं. लोक बाहेरगावच्या परिषदांमध्ये माझं नाव घेतात ते ह्यासाठी. पहिल्या दोन महिन्यांचे आकडे जास्त आले होते, पण ते बाटल्या नीट न धुतल्यामुळे असणार म्हणून मी सोडून दिले. नंतरचे बावीस महिने एका सुरात.

एकच गोष्ट जुळत नव्हती, ती काकीच्या केसांची. आठवतं? केसांतला पारा तपासायचा म्हणून मी गावातल्या चौदा बायकांकडे केस मागितले आणि एकीनंही दिले नाहीत. केस परक्याच्या हाती गेले की करणी होते म्हणून! एकट्या काकीनं बट कापून दिली, फॉर्मवर ऐटीत सही केली आणि म्हणाली, "माजेवर कोन करनी करतंय बगू." तो आकडा फार मोठा आला. पण ती तेव्हा काळी मेहंदी लावायची आणि नमुना एकच होता, म्हणून गाईडना विचारून वगळला.

तर वही रजिस्टर पोस्टानं पाठवा. मुलाखत अठरा मार्चला आहे. आणि काकीला सांगा, साहेबांना नाही, मला जिताडा पाठव.

अर्पिता


कोळीवाडा,
५ मार्च २०२५

चि. अर्पितास,
आशीर्वाद.

वही पाठवत आहे. काही पाने उंदराने नेली आहेत, त्याला इलाज नाही. सुरुवातीची आहेत तेवढी दाखव. जास्त विचारले तर काकाचे वय झाले, असे सांग.

मुलाखतीला जाताना दही खाऊन जा. काकीने तुझ्या नावाने एकवीरेला नवस बोललेला आहे.

रामचंद्रकाका


करंजाडे,
२२ मार्च २०२५

ती. काका,

मला कोणीतरी फसवलंय. चार दिवस मी घराबाहेर पडलेले नाही. आज लिहिते.

सुरुवात चांगली झाली. पंधरा मिनिटं बोलले, तिवरांचं चित्र दाखवलं, कुलगुरूंच्या प्रतिनिधींनी मानसुद्धा डोलावली. मग बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई होत्या. बारीक आवाज, हातात पेन्सिल. त्या म्हणाल्या, "मॅडम, स्थान तीन नाल्याच्या तोंडाशी आहे ना? मग श्रावणात तिथल्या पाण्याला एवढं मीठ कसं? धो धो पावसात नाल्याचं पाणी जवळजवळ गोडं असायला हवं. तुमचं पाणी दोन्ही वर्षं, दोन्ही श्रावणांत, भर खाडीचं आहे."

मी काहीतरी बोलले. भरतीचं, वाऱ्याचं. त्यांनी विचारलं, "नमुने कोणी घेतले?" मी म्हटलं, मी स्वतः. थिसिसमध्ये तसंच छापलंय, दुसरं काय म्हणणार? मग त्यांनी तुमची वही उचलली, मधोमध उघडली आणि सगळ्यांना दाखवली. आठ पानं शिवणीपासून सरळ कापलेली. "उंदीर ब्लेड वापरतो का?" असं त्या हसत म्हणाल्या नाहीत हो काका, अगदी साधेपणानं म्हणाल्या. त्याचाच जास्त त्रास होतो. आणि मग, "अक्षर तुमचं आहे का हे?"

जागा रणजीतला गेली. एवढंच असतं तर रडले असते आणि सोडून दिलं असतं. पण विद्यापीठाचं पत्र आलंय. पीएचडीच्या नमुन्यांबद्दल पंचवीस एप्रिलपर्यंत लेखी खुलासा द्यायचा. नाहीतर पदवीच काढून घेण्याची कारवाई. पदवी गेली तर तासिकासुद्धा जातील.

मी खूप विचार केला. नमुने लॅबच्या फ्रीजमध्ये असायचे. फ्रीजची दुसरी किल्ली फक्त रणजीतकडे होती. त्यानंच बाटल्या बदलल्या. वही मी मुलाखतीआधी दोन दिवस डिपार्टमेंटमध्ये जमा केली होती, पानंही त्यानंच कापली असणार. तुम्ही उंदीर म्हणालात ती चार-दोन पानं वेगळी असतील. मी खुलाशात त्याचं नाव घालणार आहे. त्याची ऑर्डर निघायच्या आत.

त्याला तुमच्या सहीचा जबाब हवा. बाटल्या तुम्ही नाल्याच्या तोंडाशी, अष्टमीच्या ओहोटीला, जसं ठरलं होतं तसंच भरल्या, एवढं लिहून सही करा. सोबत मसुदा पाठवलाय. मी काही तुमच्याकडे कधी मागितलं नाही, काका. बाबा गेल्यापासून माझी फी तुम्ही भरलीत, तेही मी न मागता. हे मागते.

अर्पिता


कोळीवाडा,
३० मार्च २०२५

चि. अर्पिता,

मसुद्यावर सही केलेली नाही. तो कोराच परत पाठवत आहे. रणजीतचे नाव कुठेही घालू नकोस. त्या पोराने काही केलेले नाही.

बाटल्या मी बदलल्या.

पहिले दोन महिने सांगितल्याप्रमाणे केले. अष्टमीला, भांगाच्या पाण्यात, भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, नाल्याच्या तोंडाला होडी उभी करून बाटल्या भरल्या. मग तुझा फोन आला. तेव्हा मला ऐकू येत होते. तू आनंदाने ओरडत होतीस, "काका, आकडा केवढा मोठा आलाय! पेपर होणार!" मी विचारले, त्यात गावाचे नाव येईल का? तू म्हणालीस, नाव नाही घातलं तर काम कसलं.

अर्पिता, त्याच्या आदल्या वर्षी पेपरात चार ओळी आल्या होत्या, खाडीत मेलेले मासे दिसले म्हणून. तू तेव्हा हॉस्टेलला होतीस. तुझी काकी वीस दिवस मार्केटात पाटी घेऊन बसली आणि संध्याकाळी तशीच परत आणली. रोजची गिऱ्हाइके समोरून तोंड फिरवून जायची. ती रडली नाही, पण शेवटच्या दिवशी सगळे मावरे तिने मार्केटाच्या दारात ओतले आणि पाटी धुतली. सगळ्या कोळीवाड्याच्या बायकांचे तेच. मी म्हटले, हे परत व्हायचे ते माझ्या पुतणीच्या हातून नको. आणि मी भरलेल्या बाटल्यांतून तर मुळीच नको.

म्हणून पुढे दर पुनवेला, भरतीला, पुलापलीकडे भर खाडीत होडी नेली. पाणी तिथले. मासे बाहेरून आलेल्या होडीवाल्यांकडून घेतले. बाटलीवर तुझी छापलेली चिठ्ठी असायची, तिच्यावर नुसती खूण करायची होती, ती केली. वहीत मात्र खोटे लिहायला हात होईना. चाळीस वर्षे दुसऱ्याची पत्रे पोचवली, एक फोडले नाही. वहीत तिथी, वेळ, जागा सगळे खरे लिहिले आहे. तू वही मागितलीस तेव्हा ती आठ पाने मीच दाढीच्या ब्लेडने कापली. या पाकिटात घातली आहेत. जाळायची तर जाळ, द्यायची तर दे.

मला वाटले, तुझी पदवीही होईल आणि तिची पाटीही राहील. कुणाचे नुकसान होणार नाही. पदवीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर माझ्या पाया पडलीस, तेव्हा तोंडाशी आले होते. बोललो नाही.

काकीला यातले काही माहीत नाही. सांगू नकोस.

रामचंद्र


करंजाडे,
११ एप्रिल २०२५

काका,

पाच दिवस हातात पेन धरवत नव्हतं.

इतकी वर्षं मी पोरांना शिकवलं की तिवरं पारा अडवतात. फळ्यावर चित्र काढलं. ते चित्र तुमचं होतं. मी जगभर तुमची होडी दाखवत फिरले आणि मला एकटीलाच ठाऊक नव्हतं. परकं कोणी असतं तर मी भांडले असते. तुमच्याशी कसं भांडू? माझे बाबा गेल्यावर मी तुमच्याकडे बघून चालायला शिकले. तुम्ही मला फसवलंत. हे वाक्य मी सहा वेळा लिहून सहा वेळा खोडलं. आता खोडत नाही.

आठ पानं आज सकाळी विद्यापीठात जमा केली, पोचपावती घेतली. खुलाशात रणजीतचं नाव नाही. मी त्याला चोर ठरवायला निघाले होते, आणि निवड झाल्यावर त्यानंच मला फोन करून "पुढच्या वेळी नक्की" म्हटलं होतं. ते ऐकून मी फोन ठेवून दिला होता. हेही लिहिलंय की थिसिसमध्ये "नमुने मी स्वतः घेतले" असं छापलंय, पण त्या चिखलात मी दोन वर्षांत पाच वेळासुद्धा उभी राहिले नाही. तुम्ही बाटल्या आणून द्यायचात, मी टेबलाशी बसायचे. एकदा जरी होडीत बसले असते तर कळलं असतं. पदवी बहुधा जाईल. जाऊ दे.

पण मी आज लिहितेय ते ह्यासाठी नाही. पानं बघितल्यावर मी जुनी फाइल काढली. तुमचे पहिले दोन महिने खरे होते. मी ते बाटल्या न धुतल्याचे म्हणून टाकून दिले. बाकीचे बावीस खोटे, ते ठेवले. आणि काकीचे केस. ते खरे होते, काका. सगळ्या थिसिसमधला अगदी सरळ, खरा आकडा तोच होता. असायला हवा त्याच्या नऊपट. मी मेहंदीचं कारण दिलं कारण मला माझी तिवरं वाचवायची होती.

बोटांना मुंग्या, हातातून वस्तू सुटणं. हा विषय मी शिकवते. माझ्या नोट्समध्ये पान बारावर हे लिहिलंय, आणि दिवाळीत कप पडला तेव्हा मी फरशी पुसली. दहा वर्षं ती नाल्याच्या तोंडच्या चिखलातले निवटे आणि खुबे खातेय, कारण चांगलं मावरं विकायचं आणि उरलेलं आपण खायचं, ही आपल्या घरची रीत. आणि ते खाल्लं तर चालतं असं तिला छापील कागदावर मी सांगितलं.

हे पत्र मिळाल्या दिवसापासून तिला ते बंद. घरात सगळ्यांनाच बंद. मोठ्या हॉस्पिटलात तपासायला मी नेणार आहे, वार नमिताला कळवते. हे पत्र तुम्ही काकीला वाचून दाखवा. तुमच्याच आवाजात. नाही दाखवलंत तर मी येऊन दाखवीन.

अर्पिता


कोळीवाडा,
१७ एप्रिल २०२५

अर्पिताताई, मी नमिता. आई सांगतात तसं, त्यांच्याच शब्दांत लिहितेय. त्यांनी बजावलंय की एक शब्द बदलायचा नाही.

अर्पिता बाय,

तुजे काकानं पत्र वाचलं. अर्द्यावर त्यानं कागद खाली ठेवला, मंग नमितानं वाचलं. मना सगलं कललं. मी अडानी हाय, येडी नाय.

त्यानं तुजी नोकरी घालवली म्हनून तू रडतंस. तू त्याला पापी केलंस म्हनून तो भिताडाकडं तोंड करून बसलाय. दोगं बी एकमेकांचे नावानं रडताव. माजे हातांना कोन इचारलं? दहा वर्ष मी बाम चोलतंय. तो म्हनतो, पाटीसाठी केलं. पाटी माजी हाय. मना इचारलं असतं तं मी सांगितलं असतं का नाव घाल म्हनून. ईस दिवस मावरं ओतलं तशी आनि ईस दिवस ओतली असती. मेली नसती त्यानं.

आनि तू. गावातल्या चौदा जनींनी केस दिले नाय. माज्या सासूनं शिव्या घातल्या, तरी मी दिले, कारन तू माजी बाय हाय. तू ते फेकून दिलंस. मेंदीचं नाव केलंस. करनी बाहेरच्यानं करायची गरज लागली नाय.

कालधरनं मी मार्केटात जात नाय. गिऱ्हाइकाला काय सांगू, खा म्हनून? सगल्या बायांना बोलवून सांगितलं. अर्द्या माज्याशी बोलत नाय. म्हनतात, धोंडूबाईनं गावाचं तोंड काळं केलं. बोलू दे.

हॉस्पिटलात येतंय. काकाला नको आनू. मी आनि नमिता येतंव.

कागदात केस घातलेत. दिवालीधरनं मेंदी लावली नाय, मुळापासून पांडरे हायत. परत तपास. या खेपेला माजं नाव घाल, गावाचं बी घाल. कोन इचारलं तं सांग, धोंडूबाईनं सांगितलं.

खाली सही मी केलीय, दोनदा पेन सुटला. नमिता अंगठा लाव म्हनाली, मी ऐकलं नाय. तुजे फारमावर दहा वर्षांमागची माजी सही हाय, ती काढ. दोनी शेजारी ठेव आनि बग.

धोंडूबाई रामचंद्र कोळी